टेस्टमधल्या बाई साठीच्या झाल्या

आमच्या टेस्टमध्ये एक ठेवीदार बाई होत्या. खऱ्या नव्हेत, कंपनी सोडून गेलेल्या कुणा डेव्हलपरनं टाइप करून ठेवलेल्या. नाव, शाखा, खातेक्रमांक, जन्मतारीख, बस. ज्येष्ठ नागरिक नसलेल्या माणसाला साधाच व्याजदर मिळतो, अर्धा टक्का जास्तीचा मिळत नाही, हे त्यांनी रोज रात्री दाखवून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. कित्येक वर्षं त्यांनी ते बिनतक्रार केलं. मग एका सकाळी ऑफिसात येऊन बघतो तर बिल्ड लाल, म्हणजे टेस्ट नापास. आदल्या दिवशी कुणी कोडची एक ओळ बदललेली नव्हती. नेटवर्क ठीक, सर्व्हर ठीक. शोधता शोधता कुणाचं तरी लक्ष जन्मतारखेकडे गेलं. बाईंना त्याच दिवशी साठ वर्षं पूर्ण झाली होती. प्रोग्रामनं त्यांना नियमाप्रमाणे अर्धा टक्का वाढवून दिला आणि टेस्ट म्हणाली, हे चूक आहे.

मी पुण्यात, पतसंस्थांची सॉफ्टवेअर करणाऱ्या एका लहान कंपनीत टेस्टिंग बघते. ‘आयटीत आहे’ म्हटलं की लग्नकार्यात लोक पुढचं विचारत नाहीत. विचारलंच, तर उत्तर पंगत उठेपर्यंत संपत नाही. तेच उत्तर इथे सावकाश देते.

पूर्वी आमची तपासणी हातानं चालायची. समोर एक्सेलची शीट, बाजूला कॅल्क्युलेटर. ठेव उघडा, तारीख टाका, पावती छापा, व्याज ताडून बघा, खूण करा. नवीन व्हर्जन द्यायच्या आधी हे सगळं पहिल्यापासून. माणूस कंटाळतो आणि पन्नासाव्या पावतीला ‘बरोबरच असणार’ म्हणून खूण करतो. म्हणून हेच काम करणारे छोटे छोटे प्रोग्राम लिहितात. एक प्रोग्राम दुसऱ्याला चालवतो, आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी जुळवतो आणि पास किंवा फेल सांगतो. ही ऑटोमेटेड टेस्ट. हजारो टेस्ट रात्रीतून चालतात आणि कंटाळत नाहीत. पण त्यांना भोळेपणा असतो. समोर जे मांडलं असेल तेच त्यांना जग वाटतं. म्हणून काय मांडायचं आणि कुणी मांडायचं, यावरच या धंद्यातली अर्धी भांडणं होतात.

बाईंच्या प्रकरणात घोळ कुठे होता? व्याजदर काढणाऱ्या फंक्शनला बाहेरून एकच गोष्ट दिली जायची: ठेवीदार. बघणाऱ्याला वाटावं, याला बाकी काही लागत नाही. आत मात्र ते गुपचूप संगणकाच्या घड्याळाकडे जाऊन आजची तारीख विचारून यायचं आणि त्यावरून वय काढायचं. म्हणजे त्याला दोन गोष्टी लागत होत्या आणि ते एकच कबूल करत होतं. उपाय साधा: तारीखही बाहेरून द्यायची. टेस्टमध्ये आम्ही ती ठरवून देतो. खऱ्या कामात प्रोग्रामचा वरचा भाग घड्याळ बघतो आणि ती खाली पोचवतो. आमचा एक ज्युनिअर म्हणाला, “मॅडम, एवढ्यासाठी आणखी एक पॅरामीटर वाढवायचा?” म्हटलं, तो वाढलेला नाही. आधीपासून होताच, फक्त दिसत नव्हता.

सत्यनारायणाला गुरुजी येतात तेव्हा आधी यादी पाठवतात. चौरंग, सुपाऱ्या, विड्याची पानं, केळीचे खुंट, पंचामृत, सव्वाच्या मापानं रवा. साहित्य यजमानानं आणून ठेवायचं. गुरुजी पूजा मध्येच सोडून बाजारात जात नाहीत. त्यामुळे तेच गुरुजी तीच पूजा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सांगतात आणि चाकणच्या कारखान्यातही. पाट कुठला, नारळ कुणाकडचा, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. प्रोग्रामच्या तुकड्यानंही असंच वागावं. जे लागतं त्याची यादी उघड द्यावी, स्वतः आणायला जाऊ नये, समोर येईल त्यावर काम करावं. याला डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणतात. पद्धत जुनी होती. 2004 च्या जानेवारीत मार्टिन फाउलर यांच्या लेखानं तिला हे नाव मिळालं. नाव ऐकून दवाखाना आठवतो, आणि मुलाखतीत उमेदवार ते इतकं जड करून सांगतात की विचारणाराच घाबरावा. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते फंक्शनला एक जास्तीची गोष्ट देण्याएवढंच असतं.

घड्याळ हे या बाबतीतलं सगळ्यात फसवं सामान. तारीख फुकट मिळते, कुठूनही विचारता येते, म्हणून जो तो आपापली विचारून येतो. आमच्या टेस्ट रात्री 2 वाजता सुरू होतात, आणि ज्या सर्व्हरवर त्या चालतात त्याचं घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे 1 एप्रिल लागून दोन तास झालेले असतात तेव्हा तिथे 31 मार्चचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. पतसंस्थेच्या हिशेबात या दोन तारखांच्या मधे अख्खं आर्थिक वर्ष बदलतं. घड्याळ बाहेरून देता येत नसेल, तर वर्षअखेरची टेस्ट वर्षातून एकदाच खरी होते, आणि तीही नेमकी सगळ्या शाखा फोन करत असतात त्या रात्री.

मायक्रोसॉफ्टसारख्यांनाही हे चुकलेलं नाही. 29 फेब्रुवारी 2012 ला त्यांची अझूर ही क्लाउड सेवा आडवी झाली. जागतिक वेळेनुसार मध्यरात्री, आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरुवात झाली. सेवेच्या आत नवीन मशीन सुरू होताना एक प्रमाणपत्र तयार व्हायचं, वर्षभराच्या मुदतीचं. मुदत काढायची रीत अशी, की आजची तारीख घ्यायची आणि वर्षात एक मिळवायचा. त्या दिवशी उत्तर आलं 29 फेब्रुवारी 2013. अशी तारीखच नाही. प्रमाणपत्र तयार होईना, मशीन सुरू होईनात, आणि यंत्रणेला वाटलं हार्डवेअरच बिघडलंय. ‘आज 29 फेब्रुवारी आहे’ असं खोटंच सांगणारं घड्याळ हाताशी असतं, तर ही गोष्ट कुठल्याही दिवशी दोन मिनिटांत दिसली असती. जावा भाषेत 2014 पासून अशी सोय भाषेसोबतच येते. हव्या त्या क्षणाला थांबवलेलं घड्याळ करून घ्यायचं आणि प्रोग्रामच्या हातात द्यायचं.

घड्याळासारखीच बाहेरची आणखी पुष्कळ मंडळी असतात: डेटाबेस, एसएमएस पाठवणारी सेवा, ईमेल, प्रिंटर, दुसऱ्या बँकेचा सर्व्हर. टेस्ट चालताना खरा एसएमएस गेला तर काय होईल? जून 2021 मध्ये एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेच्या काही ग्राहकांना ‘इंटिग्रेशन टेस्ट ईमेल क्रमांक 1’ अशा मथळ्याची एका ओळीची ईमेल गेली. कंपनीनं दुसरं कुणी नाही, इंटर्नचं काम होतं असं हसत हसत कबूल केलं आणि जगभरच्या लोकांनी त्या अनामिक पोराला धीर दिला. ठेव मोडल्याचा मेसेज चुकून गेला तर आमचे ठेवीदार धीर देत बसणार नाहीत. सकाळी शाखेच्या दारात उभे राहतील. म्हणून टेस्टमध्ये प्रोग्रामला खोटी एसएमएस सेवा दिली जाते. ती ‘पाठवला’ म्हणते, प्रत्यक्षात कुठेही पाठवत नाही, आणि कुणाला काय पाठवायचं होतं ते वहीत लिहून ठेवते. टेस्ट मग ती वही तपासते. प्रोग्रामला यातलं काही कळत नाही, कळायचं कारणही नाही. त्यानं मागितलं, त्याला मिळालं.

मागितलं की मिळतं, पण तयार करून ठेवायचं कुणी? आमच्याकडची एक टेस्ट सांगते. नियम असा: ज्याचं स्वतःचं कर्ज थकलेलं आहे, तो दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू शकत नाही. तपासणी दोन ओळींची. जामीनदार म्हणून त्याचं नाव द्या. अर्ज नामंजूर झाला का बघा. पण त्याआधी काय काय लागतं बघा. डेटाबेस हवा. त्यात शाखा हवी. शाखेचं आर्थिक वर्ष उघडलेलं हवं. दोन सभासद, त्यांचे शेअर्स, एकाच्या नावावर कर्ज, त्या कर्जाचे हप्ते, त्यातले काही थकलेले. शिवाय लॉगिन केलेला शाखाधिकारी. दोन ओळींसाठी पानभर मांडामांड, आणि संपल्यावर ती आवरायचीही.

लोक काय करतात? ते पान कॉपी करून पुढच्या टेस्टमध्ये चिकटवतात. मग तिसऱ्या. सुरुवातीला फार छान वाटतं, रोज लिहिलेल्या टेस्टचे आकडे चांगले दिसतात. पुढे एक दिवस सभासदाच्या नोंदीत पॅन क्रमांक सक्तीचा होतो आणि त्या पानाच्या जेवढ्या प्रती असतील तेवढ्या ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. एखादी राहतेच. हे टाळायला मांडामांड एकदाच लिहून ती सगळ्यांना वापरता येईल अशी ठेवतात. त्याला फिक्श्चर म्हणतात.

ही कल्पना केंट बेक या अमेरिकन प्रोग्रामरनं 1994 च्या सुमारास स्मॉलटॉक भाषेत रुळवली. 1997 मध्ये तो आणि एरिक गामा एका परिषदेसाठी झ्यूरिकहून अटलांटाला निघाले असताना दोघांनी विमानात बसल्या बसल्या जावासाठी तेच लिहिलं. त्यातून जेयुनिट आलं, आणि आज बहुतेक प्रत्येक भाषेत त्याचं एखादं भावंड आहे. त्यांची रीत सरळ होती. एकत्र लिहिलेल्या टेस्टच्या गटाला एक मांडायचं फंक्शन आणि एक आवरायचं. प्रत्येक टेस्टच्या आधी पहिलं चालणार, नंतर दुसरं. अडचण एवढीच, की गटातल्या सगळ्यांना सारखंच ताट वाढलं जातं. एकीला कर्जदार हवा, दुसरीला फक्त शाखा, पण मांडलं जातं सगळंच. आणि दुसऱ्या गटाला त्यातलं थोडं हवं असेल तर पुन्हा कॉपी.

पायथन भाषेत पायटेस्ट नावाचं साधन आहे, जर्मनीच्या होल्गर क्रेकेल यांनी सुरू केलेलं. आज फिक्श्चर म्हणून ज्या रीतीनं ती लिहितात, ती त्यात 2012 मध्ये, 2.3 व्या आवृत्तीबरोबर आली. मला स्वतःला हे साधन इतर कशाहीपेक्षा आवडतं, आणि का ते सांगते. यात टेस्टनं आपल्याला काय हवं ते आपल्या कंसात फक्त नावानं लिहायचं. ‘थकीत_जामीनदार’ आणि ‘शाखाधिकारी’, एवढंच. टेस्ट चालवायच्या आधी पायटेस्ट ही नावं वाचतं आणि त्या नावाचं फिक्श्चर शोधतं. थकीत जामीनदाराच्या कंसात ‘सभासद’ लिहिलेलं असतं, सभासदाच्या कंसात ‘शाखा’, शाखेच्या कंसात ‘डेटाबेस’. पायटेस्ट या साखळीनं तळापर्यंत जातं आणि तळापासून बांधत वर येतं: डेटाबेस, शाखा, सभासद, जामीनदार. शाखाधिकाऱ्यालाही शाखा लागते. त्याला दुसरी बांधून देत नाही, तीच देतं. टेस्ट संपली की उलट्या क्रमानं आवरतं, म्हणजे शाखा पाडल्यावर तिचा सभासद लोंबकळत राहिला असं होत नाही. मांडणं आणि आवरणं एकाच फंक्शनात लिहितात. मधल्या एका ओळीवर ते थांबतं, तयार वस्तू टेस्टच्या हातात देतं, आणि टेस्ट झाली की, पास होवो वा फेल, तिथूनच पुढे आवरायला लागतं. नवीन मुलीला शिकवताना मी हे कागदावर काढून दाखवते. एकदा समजलं की तिला पुन्हा विचारावं लागत नाही.

थोडक्यात, गुपचूप घड्याळ बघणाऱ्या फंक्शनवर जो उपाय केला, तोच इथे टेस्टवर केलेला आहे. टेस्टही आता स्वतः आणायला जात नाही.

प्रत्येक फिक्श्चरला आयुष्य ठरवून देता येतं, आणि आमची खरी डोकेफोड तिथे असते. एका टेस्टपुरतं, एका फाइलपुरतं, किंवा अख्ख्या रात्रीच्या फेरीपुरतं. डेटाबेस उभा करायला वेळ लागतो. हजारो टेस्टसाठी हजारो वेळा तो उभा केला तर सकाळ होईल. मग तो फेरीत एकदाच करायचा. इथवर ठीक. पण हाच मोह पुढे सरकतो: सभासदही एकदाच करू, खातंही एकदाच करू. आमच्या इथे असं एक सामायिक बचत खातं होतं. एक टेस्ट त्यातून पैसे काढायची. दुसरी म्हणायची, शिल्लक पूर्ण हवी. दुसरी आधी चालायची म्हणून सगळं सुरळीत होतं. वेळ वाचवायला टेस्ट एकाच वेळी समांतर चालवायला घेतल्या आणि लाल दिवे लागले.

“मॅडम, एकटी चालवली की पास होते. सगळ्यांबरोबर चालवली की फेल.”

“मग तिला सोड. तिच्या आधी खात्याला कुणी हात लावला ते बघ.”

ज्या टेस्टचा निकाल शेजारणीच्या वागण्यावर ठरतो ती टेस्ट माझ्या लेखी टेस्टच नाही. आज पास, उद्या फेल, परवा आपोआप पास. अशानं लोकांना लाल दिव्याची सवय होते, ‘ती ना, ती होतेच अशी, परत चालव’ म्हणतात, आणि खरा बग त्याच वाक्यावर बसून बाहेर जातो. वेग आणि स्वच्छता दोन्ही साधायची एक युक्ती आहे. डेटाबेस एकदाच उभा करायचा, पण प्रत्येक टेस्ट एका उघड्या व्यवहारात चालवायची आणि शेवटी तो व्यवहार पक्का न करता मागे फिरवायचा. टेस्टला वाटतं कर्ज नोंदलं गेलं, हप्ते पडले. डेटाबेसला विचाराल तर काही घडलेलंच नाही. पुढच्या टेस्टला पाटी कोरी. पायटेस्ट यात एक शिस्तही लावतं: रात्रभर जगणारं फिक्श्चर एका टेस्टपुरत्या फिक्श्चरवर विसंबू शकत नाही. तसं लिहिलं तर ते चालवायलाच नकार देतं.

आता थोडी निंदाही. फिक्श्चर सगळ्यांना मिळावीत म्हणून ती एका ठरावीक नावाच्या फाइलमध्ये ठेवतात. कुठल्याही जुन्या प्रोजेक्टमध्ये ती फाइल उघडा. ‘डेटा’, ‘डेटा2’, ‘नवीन_डेटा’, ‘नवीन_डेटा_फायनल’. कुणाला काय लागतं माहीत नाही, म्हणून कुणी काही काढत नाही. त्याहून वाईट म्हणजे न मागता आपोआप लागू होणारी फिक्श्चर. टेस्टच्या कंसात काही दिसत नाही आणि मागून कुणीतरी आर्थिक वर्ष बंद करून गेलेलं असतं. ज्या लपवाछपवीतून सुटायला हा सगळा उद्योग केला, तीच मागच्या दारानं परत येते. जेरार्ड मेझारोस यांनी 2007 च्या आपल्या जाडजूड पुस्तकात टेस्टच्या दुखण्यांची यादी दिली आहे. त्यातलं एक दुखणं हेच: टेस्ट वाचणाऱ्याला निकालाचं कारण टेस्टमध्ये दिसतच नाही, कारण ते दुसरीकडे कुठेतरी मांडलेलं असतं. बाईंची जन्मतारीखही अशीच दूरच्या फाइलमध्ये होती. टेस्टमध्ये फक्त त्यांचं नाव.

यावर उपाय म्हणून आम्ही आता तयार ठेवीदार ठेवतच नाही. ठेवीदार बनवून देणारं फिक्श्चर ठेवतो. टेस्ट त्याला सांगते, ‘ठेवीच्या दिवशी 59 वर्षं 364 दिवसांचा एक दे.’ पत्ता, शाखा, पॅन असल्या बाकीच्या गोष्टी ते आपल्या मनानं भरतं. ज्यावर निकाल ठरतो ती एकच गोष्ट टेस्टच्या ओळीत उघड राहते. खालच्या ओळीत साठ वर्षं पूर्ण झालेला दुसरा. दोन ओळी वाचल्या की नियम कळतो. आमच्या सपोर्टच्या ताईंना कोड येत नाही, तरी त्या बघून म्हणाल्या, “हां, म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी नाही, वाढदिवसाला मिळतो.”

खोट्या सामानाची एक मर्यादा मात्र कायमची आहे. 8 मार्च 2021 ला देशभर ओटीपी अडकले. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार व्यावसायिक एसएमएसचा मजकूर आधी नोंदवलेल्या साच्याशी जुळवून बघायला त्या दिवशी सुरुवात झाली, आणि न जुळलेले मेसेज वाटेतच थांबले. गोंधळ एवढा झाला, की दुसऱ्याच दिवशी ती तपासणी आठवड्यासाठी स्थगित केली गेली. ज्या कुणाच्या टेस्टमध्ये खोटी एसएमएस सेवा होती, त्यांच्या टेस्ट त्या रात्री हिरव्याच राहिल्या असणार. खोटी सेवा ‘पाठवला’ म्हणायलाच ठेवलेली असते. तिला ट्राय माहीत नसतं. म्हणून थोड्या टेस्ट खऱ्या सेवेशी, खऱ्या डेटाबेसशी, आपल्याच नंबरवर मेसेज पाठवून कराव्याच लागतात. त्या हळू चालतात, मधूनच रुसतात, आणि डेव्हलपरना आवडत नाहीत. तरी त्या असाव्यात, असं माझं मत आहे आणि त्यावरून ऑफिसात माझी भांडणं होतात.

हे वाचणाऱ्यांत पतसंस्थेचे संचालक असतील, सोसायटीचे सेक्रेटरी असतील, दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर घेणारे असतील. विक्रेता डेमो द्यायला येईल तेव्हा रंगीत रिपोर्ट बघून झाले की त्याला एक काम सांगा. ‘आज 29 फेब्रुवारी 2028 आहे असं समजून एक वर्षाची ठेव करून दाखवा. मग 31 मार्चची रात्र करून वर्ष बंद करून दाखवा.’ ज्यांच्या प्रोग्रामला तारीख बाहेरून देता येते ते चहा संपायच्या आत दाखवतील. जे संपूर्ण संगणकाचं घड्याळ पुढे करायला लागतील, किंवा ‘ते त्या वेळी बघू’ म्हणतील, त्यांना सही करण्याआधी आणखी चार प्रश्न विचारा.